दादांचं पहिलं मरण

आमचे दादा दोनदा वारले. दुसऱ्या खेपेला ते खरोखरच गेले, आणि त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. दुपारी जेवताना दोन वाट्या आमरस जास्त घेतला, झोपाळ्यावर येऊन बसले, आईला म्हणाले, "एक खांड कातर गं सुपारीचं," आणि ती अडकित्ता शोधून येईपर्यंत सगळं आटोपलंसुद्धा. अलिबागेहून आलेला डॉक्टर म्हणाला हृदय. आत्या म्हणाली आमरस. मी तेव्हा सासरी होते, एक मूल कडेवर आणि एक हाताशी. माहेरी पोचले तेव्हा राखही निवली होती. रडले, पण खरं सांगायचं तर त्यांच्यासाठीचं माझं निम्मं रडं आधीच होऊन गेलेलं होतं. त्यांचं पहिलं मरण झालं तेव्हा मी दहा वर्षांची होते, आणि ते मी सुतकापासून पंगतीपर्यंत जवळून पाहिलं. नातवंडांना वाटतं म्हातारी रचून सांगते. नातवंडांना काय वाटायचं ते वाटो. ते पाहिलेलं आता माझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

आमचं घर अष्टागरात, समुद्राच्या इतकं जवळ की भरतीच्या दिवसांत विहिरीचं पाणी मचूळ लागायचं. घरामागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीत रहाट. पहाटेपासून त्या रहाटाचं कुरकुरणं सुरू व्हायचं आणि त्याच्या तालावर दादा भूपाळी म्हणायचे. दादांचा आवाज रहाटासारखाच होता. फरक इतकाच की रहाटाला तेल घालता यायचं. घरात दादा, आई, मी, माझे दोन धाकटे भाऊ आणि आत्या. आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. बाराव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी विधवा, आणि तेव्हापासून डोकं भादरलेली, तांबड्या आलवणात आमच्याकडेच. तिच्या जिभेला मात्र कुणी वस्तरा लावू शकलं नव्हतं. शेजारच्या वाडीत नानाकाका, म्हणजे दादांचे थोरले चुलतभाऊ. घराण्याचं सोवळं-ओवळं त्यांच्या ताब्यात होतं आणि ते घारीसारखी नजर ठेवून असत.

दादांना घर फार आवडायचं. हे वाक्य साधं वाटेल, पण त्या काळचे बाप घरात पाहुण्यासारखे जेवायला आणि झोपायला येत. दादा सकाळी माझी वेणी घालायचे, कारण आई त्या वेळी ताक घुसळत असायची. हात झावळ्यांचे झाप विणून तयार झालेला. माझी वेणीही ते झापासारखीच विणायचे. इतकी घट्ट की माझे डोळे कानांकडे ओढले जायचे आणि शाळेतल्या मुली मला 'चिनी' म्हणायच्या. धाकट्याला शी झाली तर धुवायचे. आई महिन्याची बाजूला बसली की स्वयंपाक करायचे, आणि वालाचं बिरडं तिच्याहून चांगलं करायचे. आई हे कबूल करायची, नानाकाका ऐकून कानांवर हात ठेवायचे. चातुर्मासात कांदा वर्ज्य, तर हे वाडीच्या टोकाला जाऊन पांढरा कांदा बुक्कीने फोडून खायचे आणि तोंडाला वास येऊ नये म्हणून वर चार पेरूची पानं चघळायचे. मला बरोबर न्यायचे. "यमू, हे पाप अर्धं अर्धं," म्हणायचे, आणि मोठा अर्धा स्वतः घ्यायचे. थंडीत मडक्यात वालाच्या शेंगा घालून, भांबुर्ड्याचा पाला कोंबून पोपटी लावायचे, तेव्हा गड्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचे. त्यावरूनही बोलणी खायचे. बोलणी खाणं हा त्यांचा पोपटीनंतरचा आवडता पदार्थ होता असं आत्या म्हणायची.

वर्षातून दोन-तीनदा दादा सुपारी घेऊन हसन नाखव्याच्या मचव्यातून मुंबईला जायचे. हसन नाखवा खाडीवरचा, दादांचा लहानपणापासूनचा दोस्त. मचवा त्याचा, पण तो हाकायचा त्याचा धाकटा भाऊ इस्माईल. हा इस्माईल तांडेल पंचविशीतला, हडकुळा, लाजाळू, आणि त्याचा निकाह ठरला होता. त्या दिवाळीत आईला चुलीच्या धुराने खोकला धरला होता. भाऊबीज झाली आणि दादा म्हणाले, "मुंबईला पितळी स्टोव्ह मिळतात म्हणे. धूर नाही, फुंकणी नाही. सुपारी टाकतो आणि घेऊनच येतो." अंगात त्यांचा काळा कोट. तो लग्नात शिवलेला, आता पोटावर मिटत नव्हता. एक बटण तुटलं होतं म्हणून दादांनी करवंटी घासून तिचं बटण केलं होतं. मुंबईत लोक त्या बटणाकडे बघतात, याचा त्यांना अभिमान होता.

परतीच्या वाटेवर वादळ आलं. कार्तिकात असं वादळ कुणी पाहिलं नव्हतं. दोन दिवस आमच्या वाडीतल्या पोफळी जमिनीला टेकेपर्यंत वाकत होत्या. तिसऱ्या दिवशी वारा पडला आणि बातमी आली की मचवा खांदेरीजवळ खडकावर फुटला. चौथ्या दिवशी थळच्या किनाऱ्याला एक प्रेत लागलं. नानाकाका दोन माणसं घेऊन बैलगाडीने गेले. चार दिवस पाण्यात राहिलेल्या प्रेताचा चेहरा राहत नाही, त्यात थळचे मासे खाण्याच्या बाबतीत सोवळे नव्हते. पण अंगात काळा कोट होता आणि कोटाला करवंटीचं बटण होतं. जानवं नव्हतं. नानाकाका म्हणाले, समुद्राने नेलं. नाकाला उपरणं लावून लांबूनच पाहिलं असणार त्यांनी. जरा जवळ जाऊन, जरा खाली पाहिलं असतं तर गावाचा पुढचा सगळा खटाटोप वाचला असता. आता त्याच थळला खताचा कारखाना आहे, परवा नातू गाडीने तिकडून घेऊन आला. मी खिडकीतून किनारा शोधत होते आणि तो मला पगार किती मिळतो ते सांगत होता.

घरी आणण्यासारखं ते शरीर नव्हतं, म्हणून तिथेच दहन केलं. भावांतला थोरलाही सहाच वर्षांचा, म्हणून अग्नी नानाकाकांनी दिला. तिसऱ्या दिवशी अस्थी मडक्यात घालून आणल्या आणि वाडीच्या कोपऱ्यातल्या उंडीच्या झाडाला टांगल्या. दिवस झाले की नाशिकला न्यायच्या होत्या. रहाट थांबला. त्या शांततेने मला झोप येईना. शेजारणींनी येऊन आईच्या हातातल्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, मंगळसूत्र उतरवलं, आणि हे सगळं इतक्या तत्परतेने केलं की जणू त्या बाहेर ओसरीवर वाटच पाहत होत्या. आई रडलीसुद्धा नाही. ती माजघराच्या कोपऱ्यात बसून राहिली, कुणी काही विचारलं तर "हं" म्हणायची. मी रोज रात्री आत्याच्या कुशीत निजायचे आणि एकदा तिला विचारलं, "दादांना पोहता येत होतं ना?" आत्या म्हणाली, "येत होतं गं. पण पोट आधी बुडायचं त्याचं." आणि असं म्हणून माझ्या केसांत तोंड खुपसून रडली.

सातव्या दिवशी एक पत्र आलं. वरचा पत्ता इंग्रजीत, आत सगळी उर्दू. नानाकाकांनी उघडलं, उलटं धरलं, सुलटं धरलं, आणि म्हणाले, "कुणा मुसलमान व्यापाऱ्याचं सुपारीचं पत्र असेल. आता कसली सुपारी!" आणि ओसरीवरच्या तारेत, जिथे सगळी जुनी पत्रं टोचून ठेवत, तिथे ते टोचून दिलं.

दहाव्या दिवशी सकाळी धोंडू न्हावी आला. तो कशाला आला आहे ते मला आधी समजलं नाही. त्याने अंगणात पाट मांडला, पाण्याचं भांडं ठेवलं आणि वस्तरा परजू लागला. नानाकाका पंचा नेसून तयार होते. हे आटोपलं की पिंड द्यायला समुद्रावर जायचं, विष्णुभटजी पुढे गेलेच होते. नानाकाका माजघराच्या दाराशी जाऊन म्हणाले, "यमूच्या आईला बाहेर पाठव गो. उशीर होतोय."

आतून कडी लागली. आणि आत्याचा आवाज आला, "ती येणार नाही."

"ताई, ही घराण्याची रीत आहे. आज दहावा."

"रीत मला ठाऊक आहे नाना. माझ्या डोक्यावरून गेली ती. तेरा वर्षांची होते, कंबरेपर्यंत केस होते माझे. ते आधी आणून दे मला, मग हिचे ने."

नानाकाका इकडे-तिकडे पाहू लागले. धोंडू न्हाव्याने वस्तरा परजायचा थांबवला, मग काहीतरी करायला हवं म्हणून पुन्हा परजू लागला. नानाकाका म्हणाले, दार फोडावं लागलं तर फोडेन. आत्या म्हणाली, फोड, दार तुझ्याच आजोबांनी केलेलं आहे, आतून मुसळ लावलंय. मी ओसरीच्या खांबाला मिठी मारून उभी होते. आईचे केस मला फार आवडायचे. आंघोळीनंतर ती ते खुर्चीच्या पाठीवरून सोडून वाळवायची आणि दादा जाता-येता त्यांवरून हात फिरवायचे, कुणी बघत नाही असं समजून.

याच वेळी हसन नाखवा आला. दहा दिवस तो भावाला शोधत किनाऱ्याने फिरत होता, अलिबागेपासून रेवसापर्यंत. दाढी वाढलेली, पाय फुटलेले. तो नेहमीसारखा अंगणाच्या कडेला उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "नाना, कुठल्या तोंडानं यावं कळत नव्हतं. मचवा माझा. दादा माझ्या मचव्यात गेला."

नानाकाका त्याच्याकडे न बघता म्हणाले, "आता बोलून काय उपयोग? जा तू. आज घरात विधी आहेत."

मला काय सुचलं, आजही सांगता येत नाही. एवढंच आठवतं की हा माणूस असा रिकामा परत जाऊ नये असं वाटलं, आणि दादा नेहमी म्हणायचे की हसनला उजवीकडून डावीकडे वाचता येतं. मी ओट्यावर चढले, तारेतून ते पत्र ओढलं आणि त्याच्या हातात दिलं. "हे तुमच्या अक्षरातलं आहे. कुणाला वाचता येत नाही."

हसन नाखवा ओळीवर बोट ठेवून अडखळत वाचू लागला. "'खैरियत'... म्हंजी बरं हाय म्हनतो. दिघीच्या खाडीवरून लिवलंय. 'आमच्या मचव्यानं वादळात एक आदमी पाण्यातनं काढला. तुमच्या गावचा बामन...'" तो थांबला. पुढे त्याने दादांचं नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट. मग एकदम मान वर करून माजघराच्या बंद दाराकडे बघत ओरडला, "जिता हाय! वैनीबाय, दादा जिता हाय! पाय मोडलाय, ताप हाय, पन जिता हाय!"

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. नानाकाका तोंड उघडं टाकून उभे. हसनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तो हसत होता, आणि तसाच हसत पुढे वाचत होता, "'तापात सारखा इस्माईल तांडेलाला विचारतो. म्हनतो, तो सुकाणूवर थंडीनं कुडकुडत व्हता म्हनून माझा कोट त्याला घातला. इस्माईलला सांगा, कोट घरी पोचता कर...'"

त्याचं हसू कधी थांबलं ते मी पाहिलं. बोट ओळीवर तसंच राहिलं.

"कसला कोट?" त्याने विचारलं. सगळ्यांना एकाच वेळी उमगलं होतं आणि एकाच वेळी सगळे जमिनीकडे बघत होते. तेव्हा मीच म्हणाले, "ज्याच्यावरून ओळखलं तो. करवंटीच्या बटणाचा."

हसन नाखवा जिथे उभा होता तिथेच खाली बसला. म्हणाला, "जाळलंत त्याला?"

नानाकाका म्हणाले, "आम्हाला काय ठाऊक, नाखवा... पण मंत्र सगळे म्हटले. तूप, चंदन... काही कमी केलं नाही रे."

"व्हय," हसन म्हणाला. "तुमी काय कमी केलं न्हाय."

माजघराची कडी निघाली. आत्या बाहेर आली, कुणाकडे न बघता अंगण ओलांडून वाडीत गेली आणि उंडीला टांगलेलं मडकं सोडवून घेऊन आली. ते तिने हसनच्या मांडीवर ठेवलं, आणि त्याचे दोन्ही हात धरून मडक्याभोवती लावले. विधवा बाई, अस्थी आणि मुसलमान, इतका विटाळ आमच्या अंगणाने एका वेळी कधी पाहिला नव्हता. "तुझं माणूस आहे बाबा," ती म्हणाली. "तू ने."

तिच्या मागून आई आली. मोकळे केस, रिकामं कपाळ. नवरा जिवंत आहे हे कळलेल्या बाईचा चेहरा कसा दिसायला हवा होता मला माहीत नाही. पण समोर तो माणूस मडकं धरून बसलेला, त्यामुळे आईला आपला आनंद कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. तिने लोटी आणली आणि म्हणाली, "नाखवा, पाणी घ्या," आणि स्वतःच्या हाताने त्याच्या ओंजळीत ओतलं. शेवटी धोंडू न्हाव्याने वस्तरा मिटला आणि अदबीने विचारलं, "मंग मी निगू का?"

हसनने त्याच दिवशी भावाला खाडीवरच्या कबरस्तानात पुरलं. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या कुणाचा मचवा मागून दिघीला गेला, आणि पाचव्या दिवशी दादांना पाठीवर घेऊन किनाऱ्यावर उतरला. दादा निम्मे झाले होते, पायाला कामट्या बांधलेल्या, दाढी वाढलेली. वाटेत हसनने त्यांना सगळं सांगितलं होतं. मी धावत जाऊन बिलगले तर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "वेणी कुणी घातली गं ही? सैल आहे."

घरात मात्र त्यांना जाता येईना. विष्णुभटजी पोथी उघडून बसले आणि म्हणाले, शास्त्राप्रमाणे हा गृहस्थ मेलेला आहे. अग्नी झाला, नऊ दिवस पिंड झाले. परत यायचं असेल तर पुन्हा जन्म घेऊन आलं पाहिजे: जातकर्म, बारसं, मुंज आणि लग्न. दादा गोठ्यात पेंढ्यावर पाय पसरून पडले होते. म्हणाले, "शाळेत पुन्हा घालणार नसाल तर माझी तयारी आहे."

आधी पंचगव्य. नानाकाकांनी विचारलं, तिकडे तीन आठवडे मुसलमानाघरी काय खाल्लंस? दादा अगदी निरागस चेहऱ्याने म्हणाले, "पेज." नानाकाकांचा जीव भांड्यात पडला. दादांनी माझ्याकडे बघून एक डोळा मिटला, आणि भटजींना म्हणाले, "तरी आपलं पळीभर जास्तच घाला." मग त्यांना मोठ्या घंगाळात बसवलं. गर्भात असल्याप्रमाणे मुठी मिटून, अंग आखडून बसायचं असतं. मोडका पाय काही आखडेना, तो कामट्यांसकट घंगाळाबाहेर सरळ उभा. भटजी म्हणाले, "हालू नका, गर्भात आहात." दादा कुडकुडत म्हणाले, "गर्भात पाणी इतकं गार असतं का हो?" बाहेर काढल्यावर आत्याने अंगणाच्या मध्यभागी उभं राहून पुकारा केला, "मुलगा झाला हो! मिशांसकट!" बारशाला कानात नाव तिनेच सांगितलं. काय सांगितलं ते तिने मरेपर्यंत फोडलं नाही, पण दादा ऐकून इतके खोकले की विधी थांबवावा लागला. मुंज झाली. आणि तुळशीचं लग्न होऊन थोडेच दिवस झालेल्या आमच्या अंगणात त्याच दुपारी आमच्या आईचं लग्न लागलं. मी करवली. धाकटे दोघे अक्षता टाकण्याऐवजी खात होते.

आईच्या मंगळसूत्राच्या त्याच जुन्या वाट्या नव्या मण्यांत ओवल्या होत्या. पहिल्या लग्नात ती अकरा वर्षांची होती, आणि तिने मला एकदा सांगितलं होतं की अंतरपाट दूर झाल्यावर तिने फक्त त्यांच्या पायांचे अंगठे पाहिले. या खेपेला अंतरपाट खाली आला आणि तिने मान वर करून सरळ त्यांच्याकडे पाहिलं. पाहतच राहिली. भटजी खाकरले, नानाकाका खाकरले, तरी ती पाहत होती. दादांची चेष्टा करायची सगळी हिंमत तिथे संपली. ते हार हातात धरून लहान मुलासारखे उभे होते, आणि आत्याला शेवटी म्हणावं लागलं, "घाल रे आता, फुलं सुकली."

पंगतीची पानं मांडली जात होती तेव्हा दादांनी कुबडी घेतली आणि मला म्हणाले, "चल, खाडीवर जाऊन येऊ." कपाळाला मुंडावळ्या तशाच. एवढ्या वाटेत दादा गप्प, हे मी पहिल्यांदाच अनुभवत होते.

हसनच्या ओट्यावर त्याची म्हातारी आई बसली होती, डोळ्यांनी अधू. दादा कुबडी टाकून तिच्यापुढे जमिनीवर बसले. दिघीपासून जे मनात साठलं होतं ते त्यांनी एका दमात सांगितलं. "काकी, कोट मी घातला त्याला. मी तो घातला नसता तर लोकांनी ओळखलं असतं, तुमच्या हातून माती मिळाली असती. माझ्यामुळे हे झालं."

म्हातारीने हाताने चाचपत त्यांचा चेहरा शोधला, मुंडावळ्या हाताला लागल्या, त्या बाजूला केल्या. "त्याला थंडी वाजत व्हती?" तिने विचारलं.

"हो. फार."

"मंग बरं केलंस तू. शेवटाला ऊब तरी लागली माझ्या पोराला."

दादा रडू लागले. मोठा माणूस एवढ्या जोरात रडतो हे मला ठाऊक नव्हतं, मला भीती वाटली. हसन त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसला. रडणं ओसरल्यावर दादांनी उपरण्याने नाक पुसलं आणि विचारलं, "हसन, माझ्या नावाने नऊ दिवस भाताचे पिंड दिले रे नानाने. ते इस्माईलला पोचले असतील का?"

हसनने विचार केला. खरोखरच विचार केला. म्हणाला, "पोचले असतील. खायला कधी नाय म्हनला न्हाय तो." आणि दोघे एकमेकांकडे बघून हसू लागले. म्हातारीही हसली, रडता रडता. मग ती उठली, आत गेली, आणि तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण घेऊन आली. इस्माईलच्या नावाने त्या दिवशी त्यांच्याकडे रांधलं होतं. तिने ते दादांपुढे ठेवलं आणि बाजूला उभी राहिली. दादांनी पंचगव्य घेऊन चार तासही झाले नव्हते. त्यांनी भाकरी मोडली आणि जेवले. मीही जेवले. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगायला हरकत नाही, माझं बाटायचं वय गेलं.

घरी आलो तेव्हा पंगत खोळंबलेली. पानांवर मीठ-लिंबू वाढून झालेलं, जिलब्यांची परात मध्ये, आणि सगळे आमच्या वाटेकडे डोळे लावून उभे. नानाकाका म्हणाले, "कुठे होतास? बस लवकर, संकल्प सोडायचाय."

दादा म्हणाले, "मी जेवून आलो, नाना."

"जेवून? कुठे?"

"इस्माईलच्या आईकडे. भाकरी आणि बोंबलाचं कालवण. आणि दिघीलाही पेज नव्हती, मासेच होते. सकाळी खोटं बोललो."

विष्णुभटजी हळूच म्हणाले, "म्हणजे आता पुन्हा..." दादा म्हणाले, "पुन्हा बसतो घंगाळात, भटजी, पाणी तेवढं कोमट घ्या." कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. नानाकाकांनी उपरणं झटकलं आणि चालू लागले. त्यांच्या मागोमाग आणखी चौघे-पाचजण निघाले. बाकीचे पाटांशी घुटमळत उभे. बसावं की जावं, ते एकमेकांच्या तोंडाकडे बघून ठरवत होते.

तेवढ्यात आई माजघरातून बाहेर आली. पुरुषांच्या पंगतीत ती कधी येत नसे. हळदीची साडी, नवं कुंकू. ती सरळ दादांच्या पानाशी गेली, वाकडं झालेलं पान सरळ केलं, आणि परातीतली जिलबी उचलून वाढली. "जेवून आलात, तर गोडाचं तेवढं घ्या," ती म्हणाली. मग माझा हात धरून मला त्यांच्या शेजारच्या पाटावर बसवलं, मागे वळली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ज्यांना बसायचंय त्यांनी बसा. अन्न निवतंय."

बाहेरच्या माणसांत आईचा एवढा मोठा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. बरेच जण बसले.